एल्डन रुडचं अजून ठरायचंय

अमेरिकेतल्या बाकीच्या राज्यांत लोक अध्यक्षाला मत देतात आणि मोकळे होतात. आमच्या आयोवाची तऱ्हा वेगळी. इथं अध्यक्ष व्हायला निघालेला माणूस आधी वर्षभर दारोदार फिरतो, आमची पाणचट कॉफी पितो, आमच्या डुकरांच्या तब्येतीची चौकशी करतो, आणि आम्ही त्याच्याकडे वधूपित्याच्या नजरेनं बघत म्हणतो, "माणूस बरा वाटतोय. पण मी त्याला दोनदाच भेटलोय, एवढ्यात काय सांगणार?"

ह्या विद्येत टॅमरॅक गावात एल्डन रुडचा हात धरणारा कोणी नव्हता.

एल्डन सत्तरीच्या पुढचा. उंच, हाडापेरानं दणकट, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. ती तो चर्चमध्ये आणि झोपताना तेवढी काढायचा. उभं आयुष्य त्यानं मक्याचं बियाणं विकलं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस हाकली. मग बस दुसऱ्याकडे गेली, जमीन पुतण्याला कसायला दिली, आणि एल्डनला एक गोष्ट हळूहळू उमगली की आता आपल्याला कोणी काही विचारत नाही. पुतण्या पेरणी करायचा तो न विचारता. मुलं फोन करायची ती आईला. हॉटेलातल्या कॉफीच्या टेबलावर एल्डननं मत मांडायला सुरुवात केली की लोक बिल मागवायचे. तीन वर्षं त्याची अशी जायची, गावाबाहेर टाकल्यासारखी.

आणि चौथ्या वर्षी निवडणूक यायची!

मग काय विचारता! रोज संध्याकाळी रुडांच्या घरी फोन घणघणायचा. "मिस्टर रुड, सिनेटर बॅनिंग साहेबांच्या कचेरीतून बोलतेय. आपलं काय ठरलं?" तो ठेवतोय तोवर ट्रॅमेल साहेबांची कचेरी. "सर, आपल्या मनात काही शंका असतील तर साहेब स्वतः फोन करतील." एल्डन खुर्चीत रेलायचा, पाय लांब करायचा आणि सावकाश म्हणायचा, "अजून ठरायचंय."

ह्या दोन शब्दांवर त्यानं आठ निवडणुका काढल्या. ठरवून टाकलं की संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विम्याचा एजंट ड्वेन स्कॉग बिचारा भाबडा. त्यानं ऑगस्टातच बॅनिंगला शब्द देऊन टाकला. त्याला काय मिळालं? छातीवर लावायला एक बिल्ला, आणि हुकूम, की जा आता, शेजाऱ्यांची दारं ठोठाव. एल्डन त्याला म्हणालासुद्धा, "ड्वेन, गाय एकदा विकली की तिच्या दुधाची चौकशी कोण करतं रे?"

एल्डनचं एक अस्त्रही होतं. चार निवडणुकांपूर्वी त्याच्याच स्वयंपाकघरात बसलेल्या एका उमेदवाराला त्यानं विचारलं होतं, "साहेब, मक्याच्या कणसावर दाण्यांच्या ओळी सम असतात की विषम?" साहेब म्हणाले, "विषम." बाहेरगावच्या वार्ताहरानं ते छापलं, सोबत एल्डनचा फोटो, हातात कणीस. तो उमेदवार पुढं चौथा आला, आणि तो आपल्या प्रश्नानं पडला अशी एल्डनची खात्री होती. वास्तविक त्या गृहस्थाला त्याच्या स्वतःच्या गावातही कोणी विचारत नव्हतं. पण एल्डनला हे सांगणार कोण? तेव्हापासून प्रत्येक उमेदवार पढवलेलाच यायचा. एल्डननं "साहेब, मक्याच्या..." एवढं म्हटलं की समोरचा ओरडायचा, "सम!"

तरी एल्डन कणीस आणायला उठायचाच. उत्तर बरोबर आलं म्हणून काय झालं? ओळी मोजून दाखवायला नकोत? तो बूट चढवायचा, कोट घालायचा, अवजारांच्या शेडमध्ये जायचा, टांगून ठेवलेल्या कणसांतलं देखणं कणीस निवडायचा, फुंकर मारायचा, आणि मग रमतगमत परत यायचा. तेवढा वेळ त्याची बायको अर्लिस पाहुण्यांना कॉफी द्यायची, ऱ्हुबार्बच्या आंबटगोड वड्या कापायची आणि काहीतरी बोलत असायची. एल्डन दारातून आत शिरायचा तेव्हा पाहुणे घड्याळाकडे नाहीतर खिशातल्या फोनकडे बघत असायचे. अर्लिसशी बोलून माणसं कंटाळतात, असं त्याला वाटायचं.

अपवाद एकच झाला. गव्हर्नर हॅलिडे बाई. कुठल्याशा डोंगराळ राज्याच्या माजी गव्हर्नर. शंभरात दोन माणसांनी त्यांचं नाव घेतलं तर त्यांच्या कचेरीत केक कापत असतील. एल्डन कणीस घेऊन आला तर ह्या बाई टेबलावर दोन्ही कोपरं टेकून अर्लिसकडे बघत होत्या, आणि कॉफी निवून गेली होती. त्यानं ओळी मोजायला घेतल्या, "दोन, चार, सहा..." तर बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "एक मिनिट हं, मिस्टर रुड. ह्यांचं पुरं होऊ दे."

घ्या! एल्डनला ते इतकं लागलं की पुढं आठवडाभर तो हॉटेलात सांगत होता, "ओळी मोजताना त्या बाईचं लक्षच नव्हतं. आणि निघालीय अध्यक्ष व्हायला!"

काय पुरं होऊ द्यायचं होतं, हे मात्र त्यानं अर्लिसला विचारलं नाही.

खरं म्हणजे त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. अर्लिसनं तालुक्याच्या हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात जन्म काढला. अर्धं टॅमरॅक तिच्या हातावर जन्मलेलं. मग खर्च परवडत नाही म्हणून तो वॉर्डच बंद केला. आता बाळंतपणाला तासाभरापेक्षा लांब जायचं. मागच्या हिवाळ्यात पुतण्याची बायको टेस अडली, तेव्हा एल्डननं गाडी काढली, अर्लिस मागं टेससोबत बसली. वाटेत वाऱ्यानं बर्फ असं उसळलं की रस्ता दिसेना, आणि बाळ मागच्या सीटवरच झालं. बाळ रडलं, पण टेसचं रक्त थांबेना. अर्लिसनं दोन्ही हातांनी दाबून धरून तिला हॉस्पिटलापर्यंत जिवंत नेलं. ही गोष्ट एल्डन आजही रंगवून सांगतो. त्यात त्यानं स्टिअरिंग कसं धरलं, वळण कसं ओळखलं, टायर कुठले होते ते सगळं येतं. मागच्या सीटचा उल्लेख असतो, नाही असं नाही.

असो. आला सभेचा दिवस.

आमच्याकडे पक्षाचा उमेदवार ठरवायला चिठ्ठ्या टाकत नाहीत. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी सगळ्यांनी शाळेच्या जेवणघरात जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उघड जाऊन उभं राहायचं. म्हणजे तुमचा दातांचा डॉक्टर, तुमची व्याही मंडळी, तुमच्याशी बांधावरून भांडलेला शेजारी, सगळ्यांच्या देखत. मग एकदा डोकी मोजायची, आणि अर्धा तास ओढाओढी. तेवढ्यात ठरलेल्या संख्येइतकी माणसं ज्या कोपऱ्यात जमत नाहीत, तो कोपरा मोडतो, आणि तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं नाहीतर घरी. त्यानंतर जे कोपरे टिकले त्यांनी तालुक्याच्या मोठ्या सभेला आपले प्रतिनिधी पाठवायचे, आणि आपलं म्हणणं तिथं मांडायचं. ओढाओढीत मतं तत्त्वांवर फिरतात असं पुस्तकात लिहिलंय. आमच्या गावात ती बहुतेक दालचिनीच्या रोलवर फिरतात.

ह्यात "अजून न ठरलेले" असाही एक अधिकृत कोपरा असतो, आणि टॅमरॅकमध्ये तो दुधाच्या फ्रिजशेजारी असायचा. एल्डन दर खेपेला तिथं एकटा उभा राहायचा. मग अर्ध्या तासात सगळे पुढारी त्याच्याकडे धावायचे, त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे, आणि अगदी शेवटी, वेळ संपता संपता, तो उपकार केल्यासारखा कुठंतरी जायचा. चार वर्षांचा उपास त्या अर्ध्या तासात फिटायचा. ह्या वेळी तर मोठ्या शहरातली एक वार्ताहर बाई खास त्याच्यासाठी आली होती. एल्डननं नवा शर्ट घातला होता, आणि कोटाच्या खिशात कणीस होतं.

अर्लिस दर खेपेला हीटरजवळच्या कोपऱ्यात उभी राहायची, मग तिथं उमेदवार कोणी का असेना. म्हणून एल्डननं गाडीतून उतरताना तिच्याकडे पाहिलंही नाही. शाळेची आचारीण मर्ना प्रिचर्ड अध्यक्षस्थानी. तिनं डाव आपटून सभा सुरू केली. "चला, आपापल्या जागा घ्या. राजम्याची चिली तिखट झालीय, आधीच सांगते, तक्रार ऐकणार नाही!"

माणसं पांगली. बॅनिंगच्या कोपऱ्यात गर्दी, ट्रॅमेलच्या कोपऱ्यात गर्दी. एल्डन फ्रिजला टेकून ऐटीत उभा राहिला. आणि बघतो तर अर्लिस हीटर ओलांडून, बॅनिंगवाल्यांना ओलांडून, पार कचऱ्याच्या पिंपांशेजारी हॅलिडे बाईंच्या पाटीखाली जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग टेस आली, कडेवर बाळ. मग हॉस्पिटलातल्या जुन्या दोन नर्सा. मग आणखी काही बायका, आणि एक-दोन नवरे, ओढून आणल्यासारखे.

"ही तिकडे काय करतेय?" एल्डन फ्रिजला म्हणाला. दुसरं जवळ कोणी नव्हतंच.

मर्नानं डोकी मोजली. "हॅलिडे, नऊ. दहा हवेत. एक माणूस कमी. अर्धा तास आहे, काय ते करा."

झालं! ड्वेन स्कॉग एका बाजूनं आणि ट्रॅमेलची पुढारी, केस कापणारी जोलीन, दुसऱ्या बाजूनं अशी एल्डनवर तुटून पडली.

"एल्डन, गड्या, तुझ्यासारखा जाणता माणूस ज्या बाजूला, ती बाजू जिंकणार," ड्वेन म्हणाला. "बॅनिंग साहेब परवाच विचारत होते, रुडांचं काय ठरलं?"

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन!" ड्वेन ठोकून मोकळा झाला. विम्याचाच माणूस तो.

"ह्याचं काय ऐकतोस?" जोलीननं मध्ये तोंड घातलं. "ट्रॅमेल साहेबांना तुझा कणसाचा प्रश्न पाठ आहे. भाषणात सांगतात. हे घे, रोल खा. गरम आहे."

एल्डननं रोल घेतला. वार्ताहर बाईनं वही उघडलेली बघून त्यानं खिशातून कणीस काढलं आणि दोघांनाही नव्यानं प्रश्न विचारला. दोघांनीही डोळे मोठे करून विचारात पडल्यासारखं केलं, ह्या गावात जन्मून! "सम" म्हणाले, टाळ्या वाजवल्या. एल्डन असा फुलला होता की टोपी लहान वाटावी.

पण एक डोळा त्याचा कचऱ्याच्या पिंपांकडे होता. ती नऊ माणसं त्याच्याकडेच बघत होती. सगळ्यांना ठाऊक होतं दहावा कुठं उभा आहे. जुन्यांतली एक नर्स अर्लिसला कोपरानं ढोसत म्हणाली, "अगं, हाक मार की नवऱ्याला. एका शब्दाचं काम."

"नाही," अर्लिस म्हणाली.

एल्डनला हे ऐकू गेलं. त्याच्या मनात जायचं होतं हो! बायकोचा कोपरा मोडू देईल इतका तो वाईट नव्हता. पण तिनं यावं, म्हणावं, "एल्डन, तुझ्याशिवाय अडलंय." सगळ्यांच्या देखत म्हणावं. वार्ताहर बाईनं लिहून घ्यावं. एवढीच तर अपेक्षा. त्यानं वाट पाहिली. मर्नानं घड्याळाकडे पाहिलं. शेवटी त्याच्यानं राहवेना. जेवणघराच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "अर्लिस, तू नुसतं 'ये' म्हटलंस तर मी येईन हं!"

जेवणघरातली सगळी डोकी अर्लिसकडे वळली. अर्लिसनं चष्मा वर सरकवला.

"एल्डन, तुला 'ये' म्हणायला ह्या लोकांनी वर्षभर पगारी माणसं ठेवली होती," ती म्हणाली. "मला नाही परवडत."

आधी जोलीन फसकन हसली, मग सगळं जेवणघर. ड्वेनला ठसका लागला. एल्डनची कानशिलं तापली. आता गेलं तर लोक म्हणणार, बायकोनं झापलं आणि मुकाट गेला. न गेलं तर? तो विचार करत राहिला. आठ निवडणुकांची सवय, इतक्या पटकन ठरवता कुठलं येतंय! आणि तेवढ्यात मर्नानं डाव आपटला.

"वेळ संपली. हॅलिडेंचा कोपरा मोडला. तुम्ही नऊ जण आता कुठं जाता सांगा, नाहीतर घरी जा."

"मी येतच होतो," एल्डन पुटपुटला. पण वरातीमागून घोडं! टेसनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रडू आवरत जमिनीकडे बघत राहिली. ते बघून मात्र एल्डननं रोल खाली ठेवला. खरोखर वाईट वाटलं त्याला. त्या रात्री गाडी चालवताना मागून येणारा तिचा आवाज त्यानं ऐकला होता, आणि गोष्ट सांगताना तो नेहमी तेवढा वगळायचा.

ड्वेन आणि जोलीन आता एल्डनला टाकून त्या नऊ जणांकडे पळाले. नऊ माणसं म्हणजे घबाड! "अर्लिस ताई, इकडे या!" "अहो, आमच्याकडे हीटर आहे!" अर्लिसनं कोणाकडे पाहिलं नाही. तिनं कोट उचलला, वड्यांचा रिकामा डबा काखेत मारला, बाकीच्यांना मानेनं खूण केली आणि चालू लागली. एल्डनला वाटलं, निघाली घरी. पण ती आली ती सरळ दुधाच्या फ्रिजकडे. मागोमाग सगळी.

"सरक जरा," ती एल्डनला म्हणाली.

मर्नानं मोजलं. "नऊ अधिक एल्डन, दहा. 'अजून न ठरलेले', कोपरा टिकला! एक प्रतिनिधी."

एल्डनला आभाळ ठेंगणं झालं. आठ निवडणुका त्यानं हा कोपरा एकट्यानं राखला, आणि आज तो चक्क टिकला! एक प्रतिनिधी! आता हा प्रतिनिधी कोण, हे काय सांगायला पाहिजे? त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली, वार्ताहर बाईकडे बघून मान हलवली.

"मी अर्लिसचं नाव सुचवते," टेस म्हणाली.

"आणखी कोणी?" मर्नानं विचारलं. एल्डन वाट बघत होता, त्याचं नाव कोणीतरी घेईल. फ्रिज तेवढा गुरगुरला. "मग अर्लिस, एक मिनिट बोल. तिथं जाऊन काय मांडणार आहेस?"

अर्लिस जन्मात चार लोकांसमोर बोलली नव्हती. डबा घट्ट धरून ती म्हणाली, "वॉर्ड पुन्हा सुरू करा, एवढंच मांडणार आहे. हॅलिडे बाई निवडून येणार नाहीत, मलाही कळतं. त्यांच्या आईलाही कळत असेल. पण आमच्या स्वयंपाकघरात ह्या वर्षी अध्यक्ष व्हायला निघालेली बारा माणसं बसून गेली. प्रत्येकाला मी टेसची गोष्ट सांगितली. आणि सांगितलं की मी तिथं नसते तर ती आज नसती, आणि पुढच्या बाईच्या गाडीत मी नसणार. अकरा जण म्हणाले, वड्या छान झाल्यात. बाईंनी विचारलं, रक्त थांबवायला तुमच्याजवळ काय होतं? मी म्हटलं, माझं स्वेटर. एवढंच विचारलं त्यांनी. पण विचारलं."

कोणी हसलं नाही. मर्नानं हातातला डाव खाली ठेवला.

एल्डन बायकोकडे बघतच राहिला. ते निळं स्वेटर. ते कुठं गेलं हे त्याला कधी सुचलं नव्हतं विचारायला. त्यानं घसा साफ केला.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"अरे, कणीस नको आता!" मागून ड्वेन ओरडला.

"कणीस नाही." एल्डननं मान हलवली. "अर्लिस, हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की," अर्लिस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "बारा वेळा सांगितलं, तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलाशी. तूच तेवढा कधी खोलीत नव्हतास."

एल्डननं कणीस हळूच खिशात घातलं.

"अर्लिसच्या बाजूनं हात वर करा," मर्ना म्हणाली. हात वर झाले. टेसचा, दोन्ही नर्सांचा, ओढून आणलेल्या नवऱ्यांचा. अर्लिसनंही स्वतःचा हात वर केला, जरा संकोचून. मर्ना मोठ्यानं मोजत गेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा एल्डन रुडचं मत ठरलं, अगदी पक्कं, आतून. त्यानं टोपी काढली आणि हात सरळ वर केला.

"सात, आठ, नऊ. झालं, पुरे," मर्ना म्हणाली आणि वहीत लिहायला वळली. "अर्लिस रुड, प्रतिनिधी. पुढचा कोपरा!"

वार्ताहर बाई एल्डनला ओलांडून अर्लिसकडे गेली. मंडळी खुर्च्या दुमडायला लागली. एल्डनचा हात अजून वर होता.